सीए माणसाने राजकारणात पडावं का? (सुरेश प्रभूंचं करिअर बघून पडलेला प्रश्न)

कुडाळ_सीए

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

मी सीए, प्रॅक्टिसला १४ वर्षं झाली. आधी मुंबईत आर्टिकलशिप, मग तिथेच नोकरी, मग कंटाळून गावी आलो आणि ऑफिस टाकलं. सोबत भावाबरोबर काजूचं छोटं युनिट आहे म्हणजे अर्धा हिशेबनीस अर्धा धंदेवाला असा प्रकार. गेल्या महिन्यात एका पक्षाची चारपाच माणसं घरी आली, नगरपंचायतीला उभा राहतोस का म्हणून, चेहरा स्वच्छ आहे, लोक ओळखतात, पुढे जमलं तर मोठं पण बघू वगैरे वगैरे. बायको म्हणते डोकं फिरलंय. आई म्हणते, "बघ बाबा, प्रभूसाहेब पण सीएच होते की."

आता आईच्या त्या एका वाक्यामुळे मी आठवडाभर सुरेश प्रभूंबद्दल जे मिळेल ते वाचतोय आणि जितकं वाचतोय तितका जास्त गोंधळतोय. माणूस बँकेचा चेअरमन, तिथून सरळ खासदार, लगेच केंद्रात मंत्री, काम चांगलं चाललंय असं सगळे म्हणत असताना मंत्रिपद गेलं, नंतर निवडणूक हरले, मग पाच वर्षांनी पक्ष बदलून एकदम रेल्वेमंत्री, आणि आता सक्रिय राजकारणात फारसे दिसतच नाहीत. हे यश म्हणायचं की अपयश? आणि मुख्य म्हणजे यात त्यांच्या सीए असण्याचा फायदा किती झाला आणि तोटा किती? जुन्या लोकांनी जरा सांगा. आणि हो, प्रॅक्टिस चालू ठेवून निवडून आलेलं पद घेता येतं का तेही कुणाला माहीत असेल तर लिहा.

---

जुना_पेपरवाला

तुझ्या आईला नमस्कार सांग, उदाहरण एकदम मोक्याचं काढलंय त्यांनी.

आधी एक गंमत बघ. जुना राजापूर मतदारसंघ. ५७ पासून ७१ पर्यंत बॅरिस्टर नाथ पै. मग ७१ ते ९१ प्राध्यापक मधु दंडवते, सलग पाच वेळा. ९१ ला काँग्रेसचे सुधीर सावंत, ज्यांना सगळे ब्रिगेडियर म्हणूनच ओळखतात. आणि ९६ ला हे सीए, म्हणजे प्रभू. बॅरिस्टर, प्राध्यापक, ब्रिगेडियर, सीए. असा मतदारसंघ महाराष्ट्रात दुसरा दाखव मला. म्हणजे शिकलेल्या, शांत बोलणाऱ्या माणसाला मत द्यायची सवय त्या लोकांना आधीच होती, प्रभूंनी ती लावली नाही. तू हा मुद्दा विसरू नकोस कारण नगरपंचायतीच्या वॉर्डात ही सवय असेलच असं नाही.

आता त्यांचं करिअर. जन्म मुंबईतला, १९५३ चा. कॉमर्स, कायदा, सीए. सारस्वत बँकेचे चेअरमन होते, आणि सारस्वत बँक म्हणजे काय हे तुला सांगायला नको, मुंबईतल्या अर्ध्या कोकणी माणसांची पासबुकं तिथे. १९९६ ला शिवसेनेने तिकीट दिलं, पहिल्या फटक्यात निवडून आले आणि वाजपेयींच्या त्या १३ दिवसांच्या सरकारात थेट उद्योगमंत्री. वय ४२. मग ९८, ९९, २००४ असे एकूण चार वेळा राजापूरमधून. ९८ ला पर्यावरण आणि वनं, ९९ ला रसायनं-खतं आणि २००० ला ऊर्जा.

ऊर्जा खातं हे माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम, रेल्वे नव्हे. लोकांना रेल्वे आठवते कारण ट्विटर होतं. २००० साली राज्यांची वीज मंडळं अक्षरशः बुडीत खाती होती, वीज घ्यायची केंद्राच्या कंपन्यांकडून आणि पैसे द्यायचे नाहीत, वर गळती आणि चोरी, मीटर लावलेलेच नाहीत. हा माणूस गेला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला तो ऑडिटरचा. वीज किती तयार केली, किती विकली, पैसे किती आले, मधला फरक कुठे गेला? थकबाकीचा एकरकमी निकाल लावायची योजना त्याच काळातली. २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा त्याच काळातला, आज फ्रीजवर जे स्टार बघून तुम्ही खरेदी करता ते काम करणारा ब्युरो त्या कायद्यातून २००२ ला निघाला. आणि नवीन वीज कायद्याचं विधेयक २००१ मध्ये लोकसभेत आलं. त्या कायद्यामुळेच पुढे २००५ ला आपल्या एमएसईबीचे, म्हणजे राज्य वीज मंडळाचे, तुकडे झाले, महावितरण, महापारेषण, महानिर्मिती. बिलावर जे नाव येतं ना, त्याची मुळं तिकडे आहेत.

पण कायदा झाला २००३ ला आणि तोपर्यंत मंत्री कोण? अनंत गीते. शेजारच्या रत्नागिरीचे खासदार, पक्षही तोच. ऑगस्ट २००२ मध्ये पक्षाने सांगितलं राजीनामा द्या, यांनी दिला. पक्षप्रमुख नाराज आहेत ही चर्चा तेव्हा पेपरात उघडउघड होती. संसदेत, उद्योगात, पेपरात कौतुक चालू असताना स्वतःच्याच पक्षाने उतरवलं. वाजपेयींनी डिसेंबरात नदीजोड प्रकल्पाच्या कार्यदलाचं अध्यक्षपद दिलं, कॅबिनेट दर्जासकट, म्हणजे पंतप्रधानांना माणूस हवा होता आणि पक्षाला नको होता. यातच काय ते समज.

---

मालवणी_गजाली

पेपरवाले काका दिल्लीचां सगळां बरोबर सांगतत पण खालची गजाल सांगूक इसरले.

(पुढचं सगळ्यांना कळेल असं लिहितो.) ९६ ते २००४ प्रभूंचा प्रचार कोण करायचं? सिंधुदुर्गात शिवसेना म्हणजे नारायण राणे, शाखा त्यांच्या, पोरं त्यांची, बूथ त्यांचे. प्रभू यायचे, नीट हिशेबात बोलायचे, जायचे. मते गोळा करणारी यंत्रणा दुसऱ्याची होती. २००५ ला राणे काँग्रेसमध्ये गेले आणि जाताना यंत्रणा घेऊन गेले. मग फेररचनेत राजापूर मतदारसंघ नावाने संपला, रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला. २००९ ला प्रभूंसमोर राण्यांचा मुलगा निलेश राणे, आणि प्रभू पडले. ज्या माणसाने केंद्रातली चार खाती चालवली तो पडला आणि पहिल्यांदा उभा राहिलेला जिंकला. यात प्रभूंनी काही चूक केली असं मला वाटत नाही, त्यांच्या बाजूने चालणारा माणूस समोर गेला एवढंच.

माझे वडील तेव्हा म्हणाले होते, "माणूस बरो हा, पण माझ्या दारात कधी इलो नाय." दारात न येण्याचा राग हा कोकणात विजेच्या कायद्यापेक्षा मोठा असतो भावा. तू नगरपंचायतीला उभा राहणार असशील तर बारसं, बारावं, दशावतारी नाटक, जत्रा, क्रिकेटची नाईट टूर्नामेंट हे सगळं तुझ्या कॅलेंडरवर पाहिजे, आणि ३० सप्टेंबरला टॅक्स ऑडिटची तारीख पण त्याच कॅलेंडरवर आहे, आणि त्याच्या आगेमागे गणपती. कसं जमवतोस बघ.

---

डेबिट_क्रेडिट_ठाणे

मी पण सीए, त्यामुळे तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं आधी. आमदार, खासदार, विधान परिषद अशी निवडून आलेली पदं घ्यायला प्रॅक्टिस करणाऱ्या मेंबरला सीए इन्स्टिट्यूटची सरसकट परवानगी आहे, त्यासाठी सीओपी (प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र) सोडावी लागत नाही. नगरपंचायतीचं आणि विशेषतः नगराध्यक्षपदाचं काय हे मात्र इन्स्टिट्यूटला लेखी विचारून घे, आमच्याकडे तोंडी उत्तराला किंमत नसते हे तुला माहीत आहेच. आणि ज्या संस्थेत तू बसणार तिच्याशी संबंध असलेली ऑडिट्स आधी सोड. कॉन्ट्रॅक्टर तुझा क्लायंट आणि त्याचं बिल मंजूर करणाऱ्या सभेत तू, हे दिसायला पण वाईट. काजूच्या युनिटमध्ये तू भागीदार आहेस की झोपलेला भागीदार आहेस तेही तपास.

आता प्रभूंबद्दल. रेल्वेतलं त्यांचं एक काम कुणी बोलत नाही कारण ते फक्त आपल्यासारख्यांना कळतं. रेल्वेचे हिशेब रोख पद्धतीचे, म्हणजे पैसा आला नोंद, गेला नोंद. इंजिन ३० वर्षं चालणार असेल तरी त्याचा खर्च ज्या वर्षी पैसे दिले त्या वर्षी. कुठला मार्ग नफ्यात कुठला तोट्यात, कुठल्या मालमत्तेची किती झीज झाली, नीट सांगताच येत नाही. यांनी उपार्जित पद्धतीवर जायचं ठरवलं आणि प्रयोग सुरू केला अजमेर विभागात आणि कपूरथळ्याच्या डबा कारखान्यात, आपल्या इन्स्टिट्यूटच्या मदतीने. रेल्वेमंत्री झाल्यावर नवीन गाड्या सोडायच्या ऐवजी खतावणी उघडणारा मंत्री मी तरी दुसरा बघितला नाही.

आणि २६ फेब्रुवारी २०१५ चं रेल्वे बजेट आठवा, एकही नवीन गाडी जाहीर केली नाही! खासदार अवाक. त्याआधी प्रत्येक मंत्री आपापल्या गावाकडे गाड्या वळवायचा, रुळांची क्षमता आहे की नाही कोण बघतोय. यांनी सांगितलं आधी रूळ, मग गाडी, पाच वर्षांत साडेआठ लाख कोटींची गुंतवणूक, त्यात एलआयसीकडून दीड लाख कोटी. २०१७-१८ पासून तर रेल्वेचं वेगळं बजेटच संपलं, १९२४ पासूनची प्रथा. म्हणजे या माणसाने स्वतःचा वर्षातला सगळ्यात मोठा टीव्हीवरचा दिवस स्वतः सोडून दिला. राजकारणी माणूस हे करेल?

---

रोजचा_पासधारक

इथे सगळी आरती चालली आहे म्हणून थोडं पाणी ओततो.

हिशेबाचंच बोलायचं तर हिशेबाने बोलू. ऑपरेटिंग रेशो म्हणजे १०० रुपये कमवायला रेल्वे किती खर्च करते. २०१५-१६ ला ९०.५, २०१६-१७ ला ९६.५. सीए मंत्र्याच्या काळात सहा रुपयांनी बिघडला. सप्टेंबर २०१६ ला राजधानी, शताब्दी, दुरांतोला फ्लेक्सी भाडं लावलं, विमानासारखं, १० टक्के सीट भरल्या की भाडं वर, आणि लोक विमानाकडे गेले. आणि मग अपघात. नोव्हेंबर २०१६ पुखरायां, दीडशेच्या आसपास माणसं गेली. १९ ऑगस्ट २०१७ खतौली, २० हून जास्त. चार दिवसांनी कैफियत एक्सप्रेस घसरली. ट्रेनमध्ये बाळाला दूध पोचवलं याच्या ट्विटला लाईक करणाऱ्या लोकांनी हे पण लक्षात ठेवावं. गुंतवणूक कागदावर लाख कोटीत आणि खतौलीला रुळाचं काम चालू असताना गाडी त्याच रुळावर सोडली.

आणि आपल्या कोकणाला काय मिळालं? वैभववाडी-कोल्हापूर मार्ग मंजूर झाला, त्यावरून अजून एकही गाडी गेलेली नाही. तेजस सुरू झाली मे २०१७ ला, कुडाळला थांबते, पहिल्याच फेरीत लोकांनी हेडफोन पळवले (त्यात प्रभूंचा काय दोष म्हणा).

---

डेबिट_क्रेडिट_ठाणे

पासधारक, ९६.५ चा आकडा बरोबर आहे पण त्या वर्षी सातवा वेतन आयोग लागला हे पण लिही ना. रेल्वेत १३ लाखांच्या आसपास कर्मचारी, वर पेन्शनर, तो बोजा कुठलाही मंत्री असता तरी पडलाच असता. आणि साध्या गाड्यांची भाडी दोन्ही बजेटात वाढवली नाहीत, तेही रेशोत दिसणारच.

अपघातांचं मान्य. तिथे बचाव नाही. पण कैफियतनंतर त्यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनाम्याची तयारी दाखवली, पंतप्रधानांनी थांबायला सांगितलं आणि ३ सप्टेंबरला खातं बदललं. आणि आले कोण? पीयूष गोयल. ते पण सीए! २०१९ ला प्रभूंकडचं वाणिज्य खातं पण गोयलांकडेच गेलं. एका सीएकडून दुसऱ्या सीएने दोनदा चार्ज घेतला, आपल्याकडे ऑडिटर बदलताना जुन्याला पत्र लिहून हरकत विचारतात तशी विचारली की नाही माहीत नाही 😄

---

जुना_पेपरवाला

गोयलांचं नाव आलं म्हणून सांगतो, त्या दोघांत एक फरक आहे आणि तो या पोराच्या कामाचा आहे. गोयलांचे वडील वेदप्रकाश गोयल भाजपचे खजिनदार, पुढे हे स्वतः खजिनदार. म्हणजे त्यांनी हिशेबाची विद्या आधी पक्षाच्या घरात वापरली, पक्षाला त्यांची गरज होती, मग मंत्रालय. प्रभूंनी ती सरकारात वापरली आणि पक्षाला कायम पाहुणे वाटले. किरीट सोमय्या तिसरा नमुना, तेही सीए, ९५ ला मुलुंडचे आमदार, नंतर दोनदा खासदार, त्यांनी कागद वाचायची विद्या दुसऱ्यांचे कागद काढायला वापरली, आवडो न आवडो तोही एक मार्ग आहे. आणि सारस्वत बँकेचेच दुसरे चेअरमन एकनाथ ठाकूर, बँकेच्या परीक्षांचे क्लास काढून हजारो मराठी पोरांना नोकरीला लावणारा माणूस, तेही शिवसेनेचे खासदार पण राज्यसभेत. ते थेट निवडणुकीच्या फंदात पडले नाहीत, २००२ ते २००८ गेले आणि आले.

प्रभू पण २०१४ ला परत आले ते राज्यसभेतूनच. तो दिवस मजेशीर होता, ९ नोव्हेंबर. शिवसेनेने अनिल देसाईंना शपथेला पाठवलं, ते दिल्ली विमानतळावरूनच परत फिरले, आणि इकडे प्रभू सकाळी भाजपमध्ये आणि दुपारी मंत्री. मग खासदारकी कुठून, तर हरियाणातून, आणि २०१६ ला आंध्र प्रदेशातून. कोकणच्या माणसाला आंध्रच्या आमदारांनी निवडून दिलं. कोकणातल्या मतदाराच्या दारात जायची गरजच संपली, गजालीचे वडील ऐकतायत ना?

---

मालवणी_गजाली

ऐकतत ऐकतत. 😂 पण वाणिज्यमंत्री असताना जिल्हावार विकासाच्या योजनेत देशातून जे सहा जिल्हे घेतले त्यात सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी दोन्ही होते हे पण सांगा, आणि हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) २०१८ ला मिळालं तेव्हा खातं त्यांच्याकडेच. म्हणजे गावाक इसरलो नाय. पण जीआयचं लेबल बघून मत देणारा बागायतदार मी अजून बघितला नाही, तो विचारतो कॅनिंगला भाव किती.

---

खर्च_रजिस्टर

मी सीए नाही, साधा अकाउंटंट, बी.कॉम. वर टॅली. पण तीन विधानसभा निवडणुकांत उमेदवारांच्या खर्चाचं रजिस्टर लिहिलंय त्यामुळे एक बाजू मी सांगतो जी वर कुणी सांगितली नाही.

विधानसभेला खर्चाची मर्यादा ४० लाख. उमेदवाराने वेगळं बँक खातं उघडायचं, सगळा खर्च त्यातून. रजिस्टरमध्ये पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. जिल्ह्यातून दरपत्रक येतं, चहा किती, वडापाव किती, प्लॅस्टिकची खुर्ची किती, जीप दिवसाला किती, फेटा किती. तू स्वस्तात आणलंस तरी त्यांचा दर धरतात. प्रचाराच्या काळात निदान तीनदा तपासणी आणि निकालानंतर ३० दिवसांत अंतिम हिशेब. आता माझ्यासमोर बसलेला उमेदवार कधीच रजिस्टर उघडून बघत नाही, सही कुठे करू विचारतो. एकदाच एक उमेदवार असा भेटला जो स्वतः दुकानदार होता आणि रोज रात्री १२ ला बसून माझ्याबरोबर किर्द टॅली करायचा, आणि प्रत्येक बिलावर वाद. कार्यकर्ते वैतागले, दोनशे वडापाव आणले की दीडशे हे विचारणारा नेता त्यांना नको होता. तिसऱ्या दिवसापासून पोरं दुसऱ्या पार्टीच्या जेवणाला जायला लागली. डिपॉझिट वाचलं फक्त.

कुडाळ_सीए, तू तो माणूस होणार आहेस हे मी आत्ताच सांगतो. तुला व्हाउचरशिवाय झोप येणार नाही. मग एक कर, खर्चाचं काम दुसऱ्याला दे आणि तू त्या महिन्यात पेनला हात लावू नकोस. खरंच सांगतोय.

---

कुडाळ_सीए

बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. सगळ्यांना धन्यवाद.

खर्च_रजिस्टर भाऊ, तुमचा किस्सा बायकोला वाचून दाखवला, ती हसून हसून पडली, म्हणाली हा तूच. (परवा शेजाऱ्यांच्या सत्यनारायणाला केटररच्या बिलात २० ताटं जास्त लावली होती ती मी शोधून काढली, शेजारी अजून नीट बोलत नाहीत.)

काकांनी सांगितलेलं राजापूरचं बॅरिस्टर-प्राध्यापक-ब्रिगेडियर वाचून आईला विचारलं तर ती म्हणाली दंडवत्यांना ती पायी चालत ऐकायला गेली होती, प्रभूंना तिने फक्त टीव्हीवर बघितलंय. आणि तरी उदाहरण त्यांचं दिलं! विचारलं असं का, तर म्हणे ते दोघे सारखेच, हळू बोलतात.

सध्या एवढं ठरवलंय की इन्स्टिट्यूटला मेल टाकतो, ठाण्याच्या मॅडम म्हणाल्या तसं लेखी. नगरपंचायतीशी संबंध असलेले दोन क्लायंट आहेत, त्यांचं ऑडिट सोडलं तर वर्षाला साधारण किती जातात ते काल रात्री काढून बघितलं, आकडा बघून जरा गप्प बसलो. पक्षवाल्यांना विचारलं की पुढची दोन वर्षं मला सभेत आणि समित्यांत बसू द्याल की फक्त बॅनरवर फोटो, त्यावर त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि म्हणाले उद्या जत्रेला या मग बोलू. उद्या जत्रेला जातोय. गजाली, तुम्ही असाल तर भेटा, खाज्याच्या दुकानापाशी.